यंत्रलय आणि आर्त स्वर : ‘स्ट्रीटक्लीनर’ या ध्वनिमुद्रिकेच्या भावाशयाची मीमांसा

१

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील ‘गॉडफ्लेश’ या वाद्यवृंदाची ‘स्ट्रीटक्लीनर’ ही ध्वनिमुद्रिका १९८९ साली नॉटिंगहॅमच्या ‘इअरएक’ या संस्थेने प्रसिद्ध केली. ज्या संगीतप्रकाराला पुढे ‘इंडस्ट्रियल मेटल’ हे नाव रूढ झाले त्याच्या आद्य आणि महत्त्वाच्या कृतींत तिची गणना होते. अशा कृतीचा विचार मराठी विभागाच्या संशोधनपत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, या कृतीने उपस्थित केलेला प्रश्न मुळात साहित्यशास्त्राचा आहे. जिच्यात शब्द अत्यल्प आहेत, आहेत तेही धड ऐकू येत नाहीत, सुरावट जवळजवळ नाही आणि ताल मनुष्याच्या हातून नव्हे तर यंत्रातून निघतो, अशा कृतीला भावाची खोली संभवते काय? संभवत असेल तर ती कोठे वसते? रसाचा विचार करताना विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाची भाषा आपण बोलतो. तो विचार येथे कितपत टिकतो, हे तपासून पाहणे आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने लाभदायक ठरेल.

दुसरे कारण स्थानिक आहे. मुंबईत १८५४ साली कापडगिरणीचा पाया घातला गेला. तेव्हापासून सुमारे सव्वाशे वर्षे गिरणगावाला माणसे पुरविणाऱ्या प्रदेशांत रत्नागिरी जिल्ह्याचे स्थान अग्रभागी होते (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत त्यातच मोडत असे). येथील गावोगावच्या घरांतून एखादा चाकरमानी साचेखात्यात उभा राहिलेला आहे. यंत्राच्या आवाजात आयुष्य घालविलेल्या माणसांच्या या प्रदेशात यंत्राच्या आवाजाला कलेत कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

२

या ध्वनिमुद्रिकेविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, हा केवळ गोंगाट आहे. त्यात भाव असलाच तर तो क्रोध, आणि क्रोधाचा आवाज वाढवीत नेणे म्हणजे कला नव्हे. दुसरे मत चाहत्यांचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे येथे भावना कोणत्याही संस्काराविना, जशीच्या तशी, उघडीवाघडी प्रकट झाली आहे आणि हीच तिची थोरवी. ही दोन्ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. तीव्रता म्हणजे आवाजाची उंची, असे दोन्ही पक्ष मानतात. पहिला तिला दोष म्हणतो, दुसरा गुण. प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीतकच सदोष आहे. आवाज मोठा असणे हा ध्वनीचा धर्म आहे, भावाचा नव्हे. या कृतीतील भावाची खोली आवाजाच्या परिमाणात नसून यंत्राची लय आणि मनुष्याचा स्वर यांच्या संबंधात आहे, हे पुढील विवेचनात दाखवावयाचे आहे.

३

प्रथम कृतीची घडण पाहू. गॉडफ्लेशचे मुख्य घटक दोनच : जस्टिन ब्रॉडरिक हा गायक व गिटारवादक आणि जी. सी. ग्रीन हा बासवादक. ढोलकी वाजविणारा मनुष्य नाही; त्याच्या जागी तालयंत्र आहे. ब्रॉडरिकचा जन्म १९६९ सालचा. म्हणजे ही कृती प्रसिद्ध झाली तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. तत्पूर्वी ‘नेपाम डेथ’ या वृंदाच्या ‘स्कम’ (१९८७) या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या बाजूवर त्याचे गिटारवादन आहे. ‘स्कम’ हे अतिशीघ्र गतीचे संगीत. तेथे कित्येक गीते मिनिटभरही टिकत नाहीत. अशा शीघ्रतेतून आलेला हा तरुण दोन वर्षांत संथ आणि जड लयीकडे वळला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्रोधाला शीघ्र गती मानवते. ‘स्ट्रीटक्लीनर’ची गती क्रोधाची नव्हे.

बर्मिंगहॅमच्या या परंपरेत कारखान्याचा संबंध केवळ रूपकाचा नाही. ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तेथील पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसला. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. वितळविलेल्या प्लास्टिकची टोपणे करून ती बोटांवर चढवून तो पुन्हा वाजवू लागला. त्याने हलक्या तारा वापरल्या, पुढे त्यांचा ताण उतरविला. ‘मेटल’ म्हणून ओळखला जाणारा तो खोल, जड नाद अशा रीतीने अंशतः एका कारखान्यातील अपघाताचे फलित आहे. यंत्राने जखमी केलेल्या हाताने शोधलेला नाद पुढच्या पिढीतील ब्रॉडरिकने प्रत्यक्ष यंत्राच्या तालावर बसविला, असे या परंपरेचे वळण आहे.

‘इंडस्ट्रियल’ ही संज्ञा मात्र लंडनची आहे. ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या गटाने १९७६ साली ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स’ ही संस्था काढली, तीतून ती रूढ झाली. त्याही पूर्वी १९१३ साली इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो याने आपल्या जाहीरनाम्यात कारखाने व वाहने यांच्या ध्वनींना संगीतात स्थान असावे असा आग्रह धरला होता. परंतु रुसोलोची भूमिका उत्साहाची होती. यंत्र त्याला नवयुगाचे चिन्ह वाटले. १९८९ च्या बर्मिंगहॅमला तो उत्साह उरला नव्हता. त्या दशकाच्या प्रारंभीच तेथील कारखानदारीला मोठी ओहोटी लागली होती आणि बेकारी वाढली होती. ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये ऐकू येणारे यंत्र हे उत्पादन करणारे यंत्र नाही. ते काहीच घडवीत नाही. फक्त चालू राहते. या कृतीचा भाव समजून घेण्यास हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे.

४

आता स्वराकडे वळू. ब्रॉडरिकचा स्वर येथे घोगरा, गळ्याच्या तळातून ओढून काढलेला आणि प्रतिध्वनीत बुडविलेला आहे. गीतांतील शब्दसंख्या थोडी. एखादे वाक्य, कधी एखादा शब्दच, पुनःपुन्हा येतो. ओरडताना स्वरतंत्रींचे नियमित कंपन बिघडते आणि सुराची उंची ओळखू येईनाशी होते. तरीही मुखविवराचा आकार स्वरांना भिन्नता देत असल्यामुळे ‘आ’ आणि ‘ई’ यांतील भेद कानाला कळत राहतो. व्यंजने मात्र, विशेषतः ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी दुर्बल घर्षके, भोवतालच्या गोंगाटात बुडून जातात. परिणामी श्रोत्याला वाक्य मिळत नाही. मिळतो तो स्वरांचा एक ओळखीचा, परंतु अर्थापर्यंत पूर्णपणे न पोचणारा आकार.

लँकेशायरच्या कापडगिरण्यांत हीच स्थिती प्रत्यक्ष जीवनात निर्माण झाली होती. मागांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून तेथील विणकर स्त्रियांनी ओठांच्या अतिशयित हालचालींनी बोलण्याची पद्धत सिद्ध केली होती. ‘मी-मॉइंग’ असे तिचे स्थानिक नाव. यंत्राने आवाज हिरावून घेतला तेव्हा भाषा चेहऱ्यावर आली. ध्वनिमुद्रिकेत चेहरा दिसत नाही. त्यामुळे ‘स्ट्रीटक्लीनर’मधील स्वर हा जणू चेहरा नसलेल्या, मागाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा स्वर आहे. तो काहीतरी सांगतो आहे हे कळते. काय सांगतो आहे हे अर्धेच कळते. भरताने पाठ्यगुणांच्या विवेचनात काकूचे दोन प्रकार सांगितले आहेत, साकांक्ष आणि निराकांक्ष. ज्याचा अर्थ पूर्ण झालेला नाही ते साकांक्ष. येथील स्वर आदीपासून अंतापर्यंत साकांक्ष राहतो आणि ती आकांक्षा कृती कधीच पुरी करीत नाही. शब्दांची ही अपूर्णता उणीव म्हणून नव्हे, तर व्यंजनेचे साधन म्हणून योजलेली आहे.

५

मर्ढेकरांनी सौंदर्यनिर्मितीच्या मुळाशी लयतत्त्व मानले आणि संवाद, विरोध व समतोल असे त्याचे तीन प्रकार कल्पिले. या त्रयीच्या साहाय्याने प्रस्तुत कृतीचे विश्लेषण चांगले होते. तालयंत्राचा आघात आणि बासचा आघात यांच्यात कठोर संवाद आहे. दोन्ही मिळून एकच घण पडत असल्याचा भास होतो. गिटार बहुधा सुरावट वाजवीत नाही. ती करवतते, किंचाळते, लोंबकळते. आघातांच्या मधल्या पोकळीत तिचा विरोध उभा राहतो. स्वर या दोहोंच्या मागून येतो. तो तालाच्या पुढे कधी जात नाही. बहुधा किंचित मागे रेंगाळतो. जो तालयंत्र वाजवितो तो थकत नाही आणि जो गातो तो थकतो, ही गोष्ट ऐकताना सतत जाणवते. मग समतोल कोठे आहे? माझ्या मते तो मुद्दाम नाकारला आहे. ‘ख्राइस्टबेट रायझिंग’ या दुसऱ्या गीतात हिप-हॉपच्या वळणाचा, आघात चुकवून पुढे सरकणारा ताल आहे आणि क्षणभर वाटते की येथे शरीराला झोका मिळेल; परंतु त्यावर बसलेल्या जड नादामुळे तो झोका मिळता मिळता राहून जातो. समतोलाची आशा दाखवून ती काढून घेणे, हीच या कृतीची भावनिक रीत आहे.

मर्ढेकरांचे नाव येथे आणखी एका कारणाने येते. ‘स्ट्रीटक्लीनर’चे पहिले गीत ‘लाइक रॅट्‌स’ हे आहे. यंत्रयुगातील मनुष्याला उंदरांच्या रूपात पाहणारी मर्ढेकरांची प्रसिद्ध कविता ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात आहे. दोहोंत चार दशकांचे अंतर असून प्रभावाचा काहीच संबंध नाही. म्हणूनच तुलना उद्बोधक ठरते. मर्ढेकरांचे उंदीर मेलेले आहेत आणि कवी त्यांच्याविषयी तृतीय पुरुषात, थंडपणे बोलतो. त्या थंडपणाखालून करुणा झिरपते. ब्रॉडरिकचे गीत द्वितीय पुरुषात आहे. तेथे उंदरांची उपमा समोरच्याला शिवीसारखी फेकली जाते. प्रथमश्रवणी हा तिरस्कारच वाटतो. परंतु उपमा ज्या स्वरात उच्चारली जाते तो स्वर निरोगी, सुरक्षित माणसाचा नाही. तोही त्याच पिपातला आहे. शब्द म्हणतात ‘तू’. स्वर म्हणतो ‘आम्ही’. शब्दांतील जुगुप्सा आणि स्वरातील शोक यांचा हा विसंवाद हाच त्या गीताचा खरा आशय होय. मर्ढेकर ज्याला भावनानिष्ठ समतानता म्हणतात तिचे कार्य येथे प्रतिमा-प्रतिमांत होत नसून प्रतिमा आणि उच्चार यांच्यात होते.

६

मग या कृतीचा स्थायी भाव कोणता? क्रोध म्हणावे तर त्याचे आलंबन नाही. कोणावर क्रोध, हे कृती सांगत नाही. भय आणि जुगुप्सा आहेत. मुखपृष्ठावरील ज्वाळा आणि क्रुसावरच्या आकृती (ते चित्र केन रसेल यांच्या ‘ऑल्टर्ड स्टेट्‌स’ या १९८० सालच्या चित्रपटातून घेतलेले आहे) त्यांनाच पुष्टी देतात. परंतु तासाभराच्या श्रवणानंतर मनात जे उरते ते भय नव्हे. जे उरते त्याला नाट्यशास्त्राच्या यादीत एक अचूक नाव आहे, आणि ते स्थायी भावांत नसून व्यभिचारी भावांत आहे. ते नाव श्रम.

भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत ग्लानी, श्रम, दैन्य, जडता ही सर्व आहेत. श्रमाचे विभाव म्हणून वाटचाल आणि व्यायाम यांचा निर्देश होतो. या विभावांना शेवट असतो. मुक्काम आला, विश्रांती मिळाली की श्रम जातो. म्हणूनच तो व्यभिचारी, येणारा आणि जाणारा. यंत्राच्या पाळीवर उभ्या असलेल्या माणसाचा श्रम मात्र जात नाही, कारण त्याचे कारण थकत नाही. माझे प्रतिपादन असे की, ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये श्रम हा भाव व्यभिचारी न राहता स्थायीच्या जागी जाऊन बसला आहे आणि क्रोध, भय, जुगुप्सा हे स्थायी त्याच्याभोवती येऊन जाऊन व्यभिचाऱ्यांचे काम करतात. रसव्यवस्थेतील ही उलथापालथ म्हणजेच या कृतीच्या तीव्रतेचे कारण. जुन्या शास्त्राच्या दृष्टीने हा व्यवस्थाभंग ठरेल, हे मला मान्य आहे. परंतु ज्या जीवनस्थितीत श्रमाला अंतच नाही तिचा कलानुभव जुन्या क्रमात बसला असता तरच आश्चर्य वाटले असते.

या मतावर असा आक्षेप येऊ शकेल की, थकवा ही शारीर अवस्था आहे. तिला भावाची खोली कशी यावी? याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. मराठीत यंत्राच्या आणि वस्तूंच्या आवाजांना आपण अभ्यस्त शब्द योजतो : खडखड, धडधड, घरघर, भणभण. मनाच्या अवस्थांनाही त्याच घडणीचे शब्द आहेत : हुरहुर, हळहळ, कळकळ, आणि त्यांच्या जवळचे तळमळ, तगमग. कित्येक शब्द तर दोन्हीकडे चालतात. इंजीन धडधडते आणि छातीही, डोके भणभणते, जात्याची घरघर असते आणि अखेरच्या श्वासालाही घरघर लागते. एकदा झालेल्या आवाजाला किंवा एकदा आलेल्या भावनेला हे रूप सहसा लाभत नाही. जे थांबत नाही त्यालाच लाभते. पुनरावृत्ती हा भावनेचा अभाव नसून भावनेचे एक रूप आहे, हे मराठी बोलणाऱ्याला व्याकरणातूनच ठाऊक आहे. ज्यांना ‘स्ट्रीटक्लीनर’ एकसुरी वाटते त्यांनी ‘तळमळ’ हा शब्द एकदाच उच्चारलेल्या ‘तळ’ने व्यक्त होतो का, याचा विचार करावा.

७

आपल्याकडे यंत्रासवे गाण्याची सर्वांत समृद्ध परंपरा म्हणजे जात्यावरची ओवी. गी प्वातव्हँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रयत्नांतून झालेल्या संकलनात अशा लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. ओवीतही यंत्राची घरघर आहे, पुनरावृत्ती आहे, श्रम आहे. आणि दुःख तर भरपूर आहे. परंतु जात्याचा खुंटा बाईच्या हातात असतो. हात थकला की फेरा मंदावतो आणि ओळ लांबते; मन भरून आले की जाते थांबते. लय गाणारीच्या अधीन आहे. गिरणीच्या मागाचे तसे नाही. तो भोंग्याने सुरू होतो आणि भोंग्याने थांबतो. दोहोंनाही मराठी ‘दळण’, ‘गिरणी’ अशा एकमेकांच्या शेजारच्या शब्दांनी ओळखते. पण दोहोंमधील मनुष्याची जागा उलटी झालेली आहे. ‘स्ट्रीटक्लीनर’ ही, या अर्थाने, खुंटा हातून सुटल्यानंतरची ओवी आहे.

गिरणगावाच्या मराठी गीत-काव्याने मात्र हा मार्ग स्वीकारला नाही. अण्णाभाऊ साठे यांची मैनेची छक्कड, शाहीर अमर शेख यांचा बुलंद आवाज, नारायण सुर्वे यांची ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतील कविता यांत यंत्र पार्श्वभूमीला आहे आणि माणूस पुढे आहे. कोकणातून गेलेल्या चाकरमान्यांनीही मुंबईत आपला बाल्या नाच आणि भजने नेली; चाळीतल्या रात्री त्यांनी भरल्या त्या गावच्या ढोलकीने, मृदंगाने. यंत्राच्या आवाजाला त्यांनी गाण्यात शिरू दिले नाही. ही उणीव नव्हे. दिवसभर जे कानात घुमत असे ते रात्री गाण्यात आणावे असे त्यांना का वाटावे? त्यांचे गाणे यंत्राविरुद्ध राखलेले स्थान होते. त्याचबरोबर हेही खरे की, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, पुढे गिरण्या एकेक बंद पडत गेल्या, आणि साचेखात्याचा तो आवाज कलेत आपला ठसा फारसा न उमटविताच निघून गेला. शब्दांतून आपल्याला गिरणी कामगाराचे दुःख, अभिमान, विनोद सर्व मिळते. त्याच्या कानांनी काय सोसले ते मात्र क्वचितच मिळते. बर्मिंगहॅमच्या या कृतीने जे साधले त्याचे मूल्य आपल्याला अधिक कळावे, ते याच कारणाने.

८

गुणांबरोबर मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पहिली मर्यादा विभावांच्या अभावाची. व्यक्ती, स्थळ, प्रसंग यांपैकी काहीच न सांगितल्यामुळे साधारणीकरण फार लवकर होते. इतके की विशेषातून सामान्याकडे जाण्याचा जो प्रवास रसिकाला हवा असतो तो घडतच नाही. सुर्व्यांच्या कवितेत नाव असलेला माणूस भेटतो आणि मग त्याच्यातून सर्वांचे दुःख कळते. येथे माणूस प्रथमपासूनच निनावी आहे. दुसरी मर्यादा विस्ताराची. मूळ दहा गीतांची रचना ‘लोकस्ट फर्नेस’पाशी पूर्ण होते, सीडी आवृत्तीत पुढे जोडलेली ‘टायनी टिअर्स’ इत्यादी चार गीते स्वतंत्रपणे वाईट नाहीत, परंतु त्यांनी घट्ट विणीचा शेवट सैल केला आहे. तिसरी मर्यादा अधिक गंभीर : श्रमाला अंत नाही हे सांगणारी कृती श्रमाला कारण आहे हेही विसरते. जे यंत्र मनुष्याला चिरडते ते कोणाच्या तरी मालकीचे असते. अमर शेखांच्या पोवाड्याला हे ठाऊक होते. ‘स्ट्रीटक्लीनर’ला यंत्र निसर्गासारखे, पावसासारखे वाटते. त्यामुळे तिच्यातील शोक खोल होतो, पण आंधळाही होतो.

या मर्यादा लक्षात घेऊनही मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. शब्द खचलेले, सूर मोडलेला आणि ताल निर्जीव असतानाही या कृतीत भावाची खोली आहे. ती त्या निर्जीव तालाच्या मागे पडत जाणाऱ्या सजीव स्वरात आहे. तीव्रता आवाजातून मापू पाहणाऱ्या दोन्ही पक्षांना ती सापडत नाही, कारण आवाज कमी करून ऐकले तरी ती शिल्लक राहते. ही कसोटी कोणालाही करून पाहता येईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून अभ्यासाचे एक क्षेत्र सुचवावेसे वाटते. गिरण्यांत काम केलेली माणसे या जिल्ह्यात अद्याप आहेत आणि त्यांचे वय झाले आहे. त्यांच्या आठवणी नोंदविताना ‘काय घडले’ एवढेच न विचारता ‘काय ऐकू येत असे, त्यात तुम्ही एकमेकांशी कसे बोलत होता, घरी आल्यावर कानात काय राही’ हेही विचारावे; ते कोणत्या अभ्यस्त शब्दांनी उत्तर देतात ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. बोलीच्या ध्वनिविचाराला आणि साहित्याच्या भावविचाराला जोडणारी सामग्री तेथे आहे, आणि ती मिळविण्याचा अवधी थोडा आहे.